पितळी पट्टीवरचं नाव

पुरातत्त्व खात्याच्या साहेबांनी दिवा उचलून खिडकीपाशी नेला आणि काचेवर नखानं टिचकी मारली. दादा खुर्चीतून अर्धवट उठला. टिचकीचा आवाज बारीक निघाला आणि बराच वेळ रेंगाळला. पलीकडच्या टेबलावरचा कारकून लिहायचा थांबला.

"बसा हो, फुटत नाही," साहेब म्हणाले. "असे दिवे बोटीतून पेंढ्यात घालून यायचे. बेल्जमचा असेल, नाहीतर बोहेमियाचा. ही निळाई आपल्याकडे नाही जमायची."

"आमच्या पणजोबांनी एडनहून आणला," दादा म्हणाला. "पलटणीत हवालदार होते."

साहेबांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते साखळ्या बघत होते.

हे एकोणीसशे शहात्तर सालच्या नोव्हेंबरातलं. शंभर वर्षांहून जुनी वस्तू देशाबाहेर नेता येणार नाही, असा कायदा तेव्हा नुकताच लागू झाला होता, आणि दादाला हा दिवा इस्राएलला न्यायचा होता. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. आमचे पूर्वज तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी बंद ठेवीत, म्हणून गावोगाव आम्हाला शनवार तेली म्हणत. माझा थोरला भाऊ हसकेल पाच वर्षांपूर्वीच बायकामुलांना घेऊन तिकडे गेला होता. मार्चमध्ये आई वारली. आता तो अलिबागजवळचं आमचं घर आवरायला आणि मला घेऊन जायला आला होता. माझी सगळी कागदपत्रं झाली होती, एकवीस दिवसांनी विमान होतं. मी एकोणतीस वर्षांची, बिनलग्नाची, अलिबागच्या शाळेत भूगोल शिकवत होते. आणि मला जायचं नव्हतं, हे त्याला सांगायचं राहिलं होतं.

नुसतं जायचं नव्हतं एवढं असतं तर सांगितलंही असतं. आमच्या शाळेतले ड्रॉइंगचे मास्तर मोरेश्वर टिपणीस यांनी मला विचारलं होतं. दिवाळीच्या सुट्टीआधी विचारलं होतं, एकदाच, आणि पुन्हा विचारणार नाही पण वाट बघेन, असं म्हणाले होते. त्याच्या आदल्या वर्षी आमची चुलतबहीण सिपोरा हिनं मुंबईत एका ख्रिस्ती मुलाशी लग्न केलं, तेव्हा दादानं तिकडून पत्र लिहिलं होतं, की यापुढे पत्रात तिचं नाव घालू नका, आपल्यापुरती ती संपली. ते पत्र मीच आईला वाचून दाखवलं होतं. आई उठून स्वयंपाकघरात गेली होती. माझा भाऊ मला मेलेली धरेल, ही माझी भीती होती. त्या दिवसांत मला एका जागी बसवत नसे. भांडी बांधायची आणि सोडायची, पुन्हा बांधायची.

साहेबांनी दिवा टेबलावर ठेवला. निळ्या काचेचा पेला, खाली निमुळता होत गेलेला; तोंडाशी चार बोटं रुंद पितळी पट्टी आणि तिला तीन साखळ्या.

"हा तुमच्याकडे टांगलेला कुठे असतो?"

"माजघरात," मी म्हटलं.

"माजघराला एवढ्या साखळ्या लागत नाहीत. हे बघा, दुमडून तारेनं बांधल्यात. सोडल्या तर सात-आठ हात होतील. हा उंच छताचा दिवा आहे, बाई. देऊळ, चर्च, मशीद, असं कुठलं तरी." मग त्यांनी पेल्यात बोट घालून आतली एक पिवळी रेघ दाखवली. खाली पाणी आणि वर तेल घालून वर्षानुवर्षं रोज जळलेल्या दिव्यालाच अशी रेघ पडते, असं त्यांचं म्हणणं होतं.

दादानं आणि मी एकमेकांकडे पाहिलं. तो दिवा जळलेला आम्ही दोघांनी कधी पाहिला नव्हता. शब्बाथला, शुक्रवारी संध्याकाळी, आई साध्या काचेच्या पेल्यात तेल घालून वात लावायची. निळा दिवा वर कोरडा लटकत असायचा. लहानपणी आम्ही हट्ट करायचो तेव्हा ती म्हणायची, तो लावायचा नाही. का, ते सांगायची नाही. मोलाचा म्हणून जपते, असं आम्ही धरून चाललो होतो. एडनची गोष्ट कुणी सांगितली होती कोण जाणे. बहुधा दादानंच मला, आणि मी परत दादाला.

काच किती जुनी ते काचेवरून नक्की सांगता येणार नाही, साहेब म्हणाले. पट्टी मात्र इथल्या तांबटाच्या हातची होती आणि काजळीच्या थराखाली अक्षरं लागत होती. घासून स्वच्छ करा, साल असेल तर वाचा आणि गुरुवारी या. शंभराच्या आतलं निघालं तर खुशाल घेऊन जा.

परतताना भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या लाँचमध्ये बसलो तेव्हा मी मनाशी ठरवलं होतं की आज बोलायचं. दादा दिव्याचं गाठोडं मांडीवर घेऊन बसला होता. तिकडच्या घरी त्यानं छताला आकडासुद्धा ठोकून ठेवला होता. मुलांना सांगून ठेवलं होतं, की आजीचा दिवा येणार आणि आपण तो दर शब्बाथला लावणार. धाकटी विचारते, निळा उजेड कसा असतो, तो म्हणाला. मी समुद्राकडे बघत राहिले. रेवस आलं.

दुसऱ्या दिवशी मी मागच्या पडवीत चिंच कोळून, राख घेऊन बसले. घासता घासता एक गोष्ट मनात आली आणि हात थांबला. आई दर शुक्रवारी स्टुलावर चढून या दिव्याची काच पुसायची. घरातलं सगळं पितळ ती चिंचेनं लखलखीत ठेवायची. या पट्टीला मात्र तिनं कधी चिंच लावली नव्हती.

अक्षरं वर आली ती मराठीच होती, ठसठशीत, ठोकून काढलेली. दादानं पडवीच्या उजेडात पट्टी फिरवत फिरवत वाचलं. "कै. दीनाबाई बिन्यामीन मुरूडकर हिचे स्मरणार्थ. सन १९३१."

बिन्यामीन मुरूडकर हे आईचे वडील.

"एकतीस," दादा म्हणाला. "म्हणजे पंचेचाळीसच वर्षं झाली." एडन हातचं गेलं होतं, पण त्याचा जीव भांड्यात पडला होता. आईची एखादी बहीण लहानपणी गेली असेल, सिनेगॉगमध्ये तिच्या नावानं दिवा दिला असेल, पुढे केव्हा तरी घरी आला असेल. आमच्यात ते नेहमीचं होतं. माणूस गेलं की घरचे सिनेगॉगला, जुनी माणसं त्याला मशीदच म्हणत, काचेचा दिवा देत आणि तो तिथे त्याच्या नावानं जळत राही.

मी आईचं प्रार्थनेचं पुस्तक आणलं. त्याच्या शेवटच्या कोऱ्या पानावर आईनं आपल्या सगळ्या मृतांची नावं आणि त्यांचे दिवस लिहून ठेवले होते. सासूसासरे, बाबा, आजोबा, नथनमामा, तीन दिवस जगलेलं आमचं एक भावंडसुद्धा. त्या त्या दिवशी ती वात लावायची, एकही चुकवायची नाही. दीनाबाई त्यात नव्हती.

"विसरली असेल," दादा म्हणाला.

"आई?"

तो पट्टी फडक्यानं पुसत बसला.

सकाळी पहिल्या एसटीनं मी आईच्या माहेरगावी गेले. तिथल्या सिनेगॉगची देखभाल मुसाजीकाका करत. ऐंशी उलटलेले, गावातली आमची सगळी घरं उठली तरी हे किल्ल्या सांभाळत राहिले होते. मी पट्टीवरची ओळ कागदावर उतरवून नेली होती. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, चष्मा घरी राहिला म्हणाले. चष्मा त्यांच्या डोक्यावर होता. मी तसं म्हटल्यावर त्यांनी तो काढून खिशात घातला.

"वाचून काय करतेस, बाय? जायचं आहे ना तुम्हाला? सुखानं जा."

"काका, ही कशानं गेली?"

ते उठले, खिडक्या लावू लागले. दहा वाजले होते, खिडक्या लावायची काही वेळ नव्हती. चार खिडक्या लावून झाल्यावर पाचवीशी थांबले आणि पाठमोरेच म्हणाले, "गेली कुठे? पेणला आहे."

मग सांगितलं त्यांनी. दीना थोरली, आई तिच्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. दीना विसाव्या वर्षी घरातून गेली आणि पेणच्या एका गणपतीच्या कारखानदाराशी लग्न करून बसली. जातीबाहेर गेलेल्या पोरी आजोबांनी पाहिल्या होत्या, पण मूर्ती घडवायच्या घरात! आपल्याला दगडाची, मातीची प्रतिमा करायची मनाई, आणि मुलगी जाऊन गणपतीच्या सोंडेला रंग देणार. त्यांनी मेलेल्यासाठी फाडतात तसा अंगावरचा कपडा फाडला, सात दिवस जमिनीवर बसून सुतक पाळलं, आणि मुलगी वारली म्हणून सिनेगॉगला दिवा दिला. एकवीस वर्षं तो दिवा जळला. तेल मुसाजीकाकाच घालत. "मला ठाऊक होतं ती जिवंत आहे. तरी घालायचो. तुझ्या आजोबांसमोर कोण बोलणार?"

बावन्न साली आजोबा वारले. सुतक फिटल्याच्या दुसऱ्या दिवशी आई एकटी आली. भर सकाळी, पुरुष प्रार्थनेला उभे असताना आत शिरली, स्टूल ओढलं, वर चढली आणि फुंकर मारून दिवा विझवला.

"आकड्यावरून काढला, पदराखाली घेतला. मी म्हटलं, पोरी, हे काय करतेस? तर मला म्हणाली, काका, जित्या माणसाचा दिवा मी जळू देणार नाही. आणि गेली." काकांनी पाचवी खिडकी लावली. "कोणी अडवलं नाही तिला. अडवायला हवं होतं असंही नाही."

घरी आले तेव्हा दादा पेटाऱ्याला दोरी आवळत होता. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. त्यानं दोरी सोडली नाही. आजोबांना दुसरं काय करता आलं असतं, एवढं म्हणाला. मग थोड्या वेळानं, मूर्तीवाल्याच्या घरी, असं पुटपुटला. जेवताना म्हणाला की आता तो दिवा नेता येणार नाही. मुलांना काय सांगू, कुणाचा म्हणून सांगू? मी म्हटलं, जिचं नाव आहे तिला देऊ. मला वाटलं तो चिडेल. पण दादा नियमाचा माणूस. त्यानं ताटातला घास तसाच ठेवून विचार केला.

"सापडलेली वस्तू धन्याला परत करायची, असा आपला नियमच आहे," तो म्हणाला. "उद्या जाऊन देऊन येऊ. आत जायचं नाही. देऊन परत फिरायचं."

पेणला पत्ता विचारावा लागला नाही. दीनाबाईंचा कारखाना म्हटल्यावर टांगेवाल्यानं नेऊन सोडलं. लांबच लांब पत्र्याची शेड, आणि जमिनीपासून आढ्यापर्यंत फळ्यांवर पांढरे, कोरे गणपती. ओल्या शाडूचा वास येत होता. मधोमध पाटावर एक बाई बसली होती, नऊवारी, कोपरापर्यंत हात मातीनं पांढरे. तिनं मान वर केली. आईच बसली होती, फक्त म्हातारी झालेली, कुंकू लावलेली.

दादा उंबऱ्याशीच थांबला. नजर कुठे ठेवावी ते त्याला कळेना. जिकडे बघावं तिकडे सोंड.

"आत ये," ती म्हणाली. "त्यांना अजून डोळे काढलेले नाहीत. ते कुणाकडे बघत नाहीत."

दादा आत आला. मी आमची नावं सांगितली. ती म्हणाली, नावं ठाऊक आहेत, वजनंसुद्धा ठाऊक आहेत. जन्मलात तेव्हापासून रिबका दर उन्हाळ्यात येत होती. रिबका म्हणजे आई. मलिद्याला, आमच्या नवसाच्या प्रसादाला, पेणचेच पोहे लागतात आणि ते आपल्या नजरेखालीच कांडून घ्यावे लागतात, असं सांगून आई दर वैशाखात एक दिवस इकडे येई. आम्हाला कधी बरोबर आणत नसे.

"यंदा पोहे न्यायला आली नाही. तेव्हाच मी समजले," दीनामावशी म्हणाली. "विचारणार कुणाला?"

आई गेल्याचं मी सांगितलं. तिनं हातावरची माती दुसऱ्या हातानं हळूहळू खरवडून काढली, सगळी काढली. मग म्हणाली, दाखवा काय आणलंय.

दादानं गाठोडं सोडलं. तिनं दिवा मांडीवर घेऊन पट्टी फिरवली, वाचली आणि चक्क हसली.

"दीनाबाई! बघा, मेल्यावर बाबांनी मला बाई लावलं. जितेपणी नुसतं दिने, दिने." तिनं पेला उजेडात धरला. "मी काय करू याचं? याच्या उजेडात डोळे काढायला बसले तर माझे सगळे गणपती शंकरासारखे निळे दिसतील."

मला हसू आलं. दादाला नाही. तो एकदम म्हणाला, "मावशी, आजोबांचा तुम्हाला राग आला असेल." त्यानं तिला मावशी म्हटलं, हे त्याच्या ध्यानात आलं नसावं.

"बाबांचा नाही. बाप तो, त्याचं दुखणं होतं, त्यानं त्याच्या परीनं केलं." ती कोरणी शोधत होती, पाटाखाली सापडली. "पण त्या वेळी त्याला दम्यानं पायरी चढवत नव्हती. स्टुलावर चढून दिवा कोणी टांगला, माहीत आहे? नथननं."

नथनमामानं दादाला विहिरीत पोहायला शिकवलं होतं. दादाच्या थोरल्या मुलाचं नाव नथन आहे.

"माझ्याहून दोन वर्षांनी लहान. एका ताटात जेवायचो. बाबांनी सांगितलं म्हणून चढला, मग पस्तीस-छत्तीस वर्षं या रस्त्यानं गाडीनं गेला आला, पण कधी उतरला नाही. वारला तेव्हा रिबकानं येऊन सांगितलं. मी सात दिवस बसले, इथेच, या जमिनीवर. ऐन हंगाम होता, आषाढ. हे म्हणाले, तुला मेलेली धरणाऱ्यासाठी बसतेस? मी म्हटलं, तो खरंच मेलाय ना."

तिनं पट्टीला कोरणी लावली आणि पहिल्या अक्षरावर सावकाश, नेटानं घासू लागली. पितळेचा बारीक कीस तिच्या लुगड्यावर पडत होता. तेवढं 'कै.' गेलं, नाव तसंच ठेवलं. आता पितळ बरं दिसतं, म्हणाली. मग माझ्याकडे बघून, सहज बोलल्यासारखं, "तू कधी निघतेस?"

मला वाटलं होतं, हे मी लाँचमध्ये बोलेन, पडवीत बोलेन, जेवताना बोलेन. बोलले ते बिनडोळ्यांच्या शेकडो गणपतींसमोर.

"मी जात नाही," मी म्हटलं. "आमच्या शाळेत ड्रॉइंगचे मास्तर आहेत. मोरेश्वर टिपणीस. त्यांना हो म्हणायचं आहे मला."

दीनामावशीनं पट्टीवर फुंकर मारून कीस उडवला. माझ्याकडे पाहिलं नाही, दादाकडेही नाही. दादा उठला आणि बाहेर गेला. शेडच्या दाराशी त्याची पाठ दिसत होती. मी मोजत होते कशाला कोण जाणे, पण मोजत होते. दोनशेच्या पुढे गेल्यावर तो आत आला आणि मावशीला म्हणाला, चारची गाडी आहे, निघतो. तिनं त्याच्या हातात पोह्यांची पिशवी दिली. त्यानं घेतली. वाकून तिच्या पायाला हात लावू की नको, असा क्षणभर थांबला, आणि मग लावला.

गाडीत आम्हाला जागा शेजारी शेजारी मिळाली. वडखळ मागे पडलं. बाहेर मिठागरं सुरू झाली, खाडीचा वारा खिडकीतून आत येऊ लागला. मी पदर आवळून बसले होते. आता काय ऐकावं लागेल याची वाट बघत होते, आणि ते ऐकू येऊ नये म्हणून गाडीचा आवाज ऐकत होते.

"मला पटलेलं नाही," दादा समोर बघत म्हणाला. "पुढे पटेल, असंही धरून चालू नकोस."

"बरं," मी म्हटलं.

पोयनाड गेलं. त्यानं खिशातून आपली छोटी डायरी काढली, पेन काढलं, पत्त्यांचं पान उघडलं.

"टिपणिसांचं घर कुठे आहे?"

"का?"

"पत्र कुठे टाकायचं ते माहीत नको?"

गाडी इतकी हादरत होती की त्याला लिहिता येईना. डायरी त्यानं माझ्या मांडीवर ठेवली. मी डाव्या हातानं पान घट्ट धरून लिहिलं. नाव, आळी, देवळाच्या मागे, अलिबाग, जिल्हा कुलाबा. अक्षर सगळं वाकडं आलं. दादानं डायरी घेतली, चष्मा लावला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सावकाश वाचून पाहिलं.

"पिनकोड राहिला," तो म्हणाला.